जुलैतले दहा शब्द

"हेल्मेट कुटं हाय माझं?" कॉर्डेलनं विचारलं.

"माझ्या खुर्चीखाली. आणि ते तिथंच राहणार आहे. तू आधी नीट बस."

तो टेबलाच्या कडेवर बसला. एकशे दहा किलोच्या माणसाखाली टेबल कुरकुरलं. नोव्हेंबरचा रविवार होता. वर सत्तर हजार माणसं घसा फोडून ओरडत होती आणि आम्ही दोघं स्टेडियमच्या पोटातल्या एका बिनखिडकीच्या खोलीत होतो. आमच्या धंद्यात डोक्याला मार बसलेल्या खेळाडूचं हेल्मेट आधी ताब्यात घ्यायचं असतं. नाहीतर आपली पाठ वळली की तो ते डोक्यावर चढवून मैदानात पळतो. हेल्मेट नसेल तर पंच कुणालाच आत घेत नाहीत, म्हणून मी ते टाचेनं आणखी आत सरकवलं.

चार मिनिटांपूर्वी समोरच्या संघाचा एक जण बॉल काखोटीला मारून पळत सुटला होता. कॉर्डेलनं त्याला आडवा केला, पण पाडता पाडता त्याचा गुडघा कॉर्डेलच्या कानशिलावर बसला. कॉर्डेल लगेच उठला, लोकांच्या टाळ्याही घेतल्या. मग बाकीचे दहा जण आपापल्या जागी पळाले आणि हा मधोमध उभा राहून एकेकाकडे बघत राहिला. दोन श्वासांइतकाच वेळ. बाकी कुणाच्या लक्षात आलं नाही, माझ्या आलं. मी हात वर करून त्याला बाहेर बोलावलं.

संघाचे डॉक्टर हॉलिस मैदानाच्या कडेलाच थांबले. आम्ही निघताना मला म्हणाले, "बारा मिनिटं, कुमुद. मला आकडा हवा, मत नको."

आकडा बरा आला तर कॉर्डेल परत मैदानात. नाही आला तर बाहेर. आणि तो बत्तिसाव्या वर्षात होता. या खेळात त्या वयाचा माणूस एकदा बाहेर बसला की त्याची जागा परत मिळत नाही, हे त्याला माहीत होतं आणि मलाही.

मी मूळची मिरजेची, कुमुद आवटी. फिजिओथेरपी शिकले आणि लग्न करून अमेरिकेत गेले. लग्न टिकलं नाही, अमेरिका टिकली. फिरत फिरत अमेरिकन फुटबॉलच्या एका व्यावसायिक संघात लागले आणि तिथं बारा वर्षं काढली. ज्याला फुटबॉल म्हणतात त्यात पायाला फारसं कामच नसतं, हे माझ्या आईला शेवटपर्यंत पटलं नाही. एका बाजूनं बॉल घेऊन पुढे सरकायचं, दुसऱ्या बाजूनं अडवायचं, असा हा खेळ. कॉर्डेल अडवणाऱ्यांतला. कबड्डीत पकड करतात तसंच, फक्त इथे पकड करणारा वीस पावलांवरून धावत येऊन अंगावर आदळतो. नऊ वर्षं दर रविवारी तो हे करत होता, आणि सराव धरला तर जवळजवळ रोज.

तो अलाबामातल्या एका खेड्यातला होता. त्याचं इंग्रजी तिकडचं, लांबवलेलं, शब्दांच्या शेपट्या खाणारं. पहिल्या दिवसापासून माझ्या कानाला ते आमच्या तासगावकडच्या बोलण्यासारखं वाटलं, म्हणून मी ते तसंच सांगणार आहे. मला तो 'मिस कुमुद' म्हणायचा. त्या मुलखात वयानं मोठ्या बाईला असंच म्हणतात. म्हणजे आपलं 'ताई'च.

"सुरू करा की, ताई," तो म्हणाला. "तिकडं डाव चाललाय."

आता जुलैचं सांगायला हवं. त्याशिवाय पुढचं काही कळणार नाही.

दर जुलैत, हंगाम सुरू व्हायच्या आधी, प्रत्येक खेळाडूच्या डोक्याची चाचणी व्हायची. ती मी घ्यायचे. दहा शब्द तीनदा वाचून दाखवायचे, मधे पाच मिनिटं दुसरं काहीतरी करून घ्यायचं आणि मग ते शब्द पुन्हा विचारायचे. महिने उलटे म्हणायला लावायचे, डोळे मिटून एका पायावर उभं करायचं. असा ताज्या डोक्याचा आकडा लिहून ठेवायचा. पुढे कधी मार बसला की तीच चाचणी परत. आकडा घसरला असेल तर बाहेर बसवायचं.

खेळाडूंनी यावर केव्हाच तोड काढली होती. जुलैत मुद्दाम चुकायचं! म्हणजे नोव्हेंबरात डोकं खरोखर गरगरत असलं तरी आकडा जुलैइतकाच येतो आणि गडी पुन्हा मैदानात. नवे करत, जुने करत, एकमेकांना शिकवतही. आणि ही चोरी पकडण्यात माझा हात धरणारं कुणी नव्हतं. मुद्दाम चुकणारा आधी थोडा थांबतो, आठवतंय तेच गिळतो आणि मग खांदे उडवतो. मला ते लांबून दिसायचं. 'कुमुदच्या डोळ्यांत धूळ फेकता येत नाही,' असं अख्ख्या संघात म्हणत. मला ते ऐकायला फार आवडायचं, आता खोटं कशाला बोलू?

त्या जुलैत कॉर्डेल आला, बसला, आणि पाच मिनिटांनंतर दहातले तीन शब्द सांगितले. महिने उलटे म्हणताना ऑक्टोबरवरून एकदम ऑगस्टवर गेला आणि तिथंच अडकला. मी पेन खाली ठेवलं आणि हसायलाच लागले.

"वा! नाटक कंपनीत जा तू."

त्यानं कपाळ चोळलं.

"नऊ वर्षं खेळलास आणि कालच्या पोरांसारखी चोरी करतोस? चोरी करायची तर थोडी बेतानं करावी. सात सांगितले असतेस तर मी डोळेझाक केली असती. तीन? तीन तर माझी मिरजेची मामी झोपेत सांगेल."

तो माझ्याकडे बघत राहिला. बराच वेळ. मग हळूहळू दात दाखवले. "गावलो की वं, ताई."

"गावलास म्हणजे? मी काय आज आले इथे? हे बघ." शब्दांचा कागद मी सरळ त्याच्या हातात कोंबला. "शिडी, मध, कुंपण, खेचर. काय अवघड आहे यात? परवा ये आणि नीट चाचणी दे. नाहीतर हॉलिसना सांगते."

कागद तो घेऊनच गेला. माझ्याकडे प्रतींचा ढीग होता, मी मागितला नाही.

तिसऱ्या दिवशी आला. आमच्याकडे शब्दांच्या सहा याद्या होत्या आणि दुसऱ्या खेपेला वेगळी यादी घ्यायची असा नियम होता. मी तीच घेतली. माझ्या लेखी ती चाचणी नव्हतीच, चोरी कबूल करून घेणं होतं. त्यानं दहाच्या दहा शब्द घडाघडा म्हटले, तेही ओळीनं. मी टाळ्या वाजवल्या. उठताना त्यानं माझा हात आपल्या दोन्ही हातांत धरला आणि म्हणाला, "उपकार झालं, ताई." मला वाटलं, थट्टा करतोय. मी फॉर्मवर दहा लिहिले आणि पुढच्या खेळाडूला हाक मारली.

तर नोव्हेंबरच्या त्या रविवारी माझ्यासमोर कॉर्डेलचा तो फॉर्म होता. जुलै, दहा.

मी चौथ्या क्रमांकाची यादी काढली. "नीट ऐक. आरसा, कोबी, पूल, घंटा, लोकर, हातोडा, बदक, तंबू, मीठ, जिना. म्हण."

पहिल्यांदा त्यानं चार म्हटले. पुन्हा वाचले, पाच म्हटले. तिसऱ्यांदा पुन्हा चारच. मी घड्याळ लावलं. पाच मिनिटं.

ती पाच मिनिटं सरता सरेनात. मी त्याला एका पायावर उभं केलं, तो दोनदा टेबलाला टेकला. वर एकदम गलका झाला आणि छताच्या पत्र्याच्या नळ्या थरथरल्या.

"काय झालं वर?"

"मला काय माहीत? मी तुझ्यासमोरच बसलेय."

"माझ्या जागी कोन खेळतंय?"

"प्रुइट."

"त्यो?" कॉर्डेलनं कपाळावर हात मारला. "त्याला अजून डावं-उजवं कळंना. ताई, लौकर करा. समोरच्यास्नी कळलं की आत प्रुइट हाय, तर सगळं त्याच्याच अंगावर घालतील बगा."

"महिने उलटे म्हण."

"आता महिनं कशाला?"

"म्हण म्हटलं ना."

तो म्हणायला लागला आणि ऑक्टोबरपाशी थांबला. त्याच्या कपाळावर घाम आला होता. खोली थंडगार होती, माझ्या अंगावर जाडजूड कोट होता आणि तरी तो घामानं निथळत होता. मी त्याच्या डोळ्यांच्या बाहुल्या तपासल्या, मान तपासली. डोकं दुखतंय का विचारलं तर नाही म्हणाला. मळमळतंय का तर नाही. उजेड टोचतोय का तर तेही नाही. सगळी उत्तरं बरोबर होती आणि माझी धास्ती काही केल्या कमी होत नव्हती.

घड्याळ वाजलं.

"आता ते दहा शब्द सांग."

त्यानं डोळे मिटले. गुडघ्यावर त्याची बोटं ठेका धरायला लागली. "शिडी, मध, कुंपण, खेचर," तो म्हणाला, "दिवा, लोणी, होडी, गोणी, चमचा, धूर."

न अडखळता, एकामागून एक. मग डोळे उघडून त्यानं माझ्याकडे बघितलं. आता मी शाबास म्हणणार, असं त्याच्या तोंडावर स्पष्ट लिहिलेलं होतं.

"दहाच्या दहा," तो म्हणाला.

मी हातातल्या कागदाकडे बघितलं. आरसा, कोबी, पूल. एकाही शब्दापुढे खूण नव्हती. तोवर मला वाटत होतं की हा आजच्या फटक्याचा गोंधळ आहे.

"कॉर्डेल, हे शब्द जुलैतले आहेत."

"आं?"

"आज मी हे वाचलेच नाहीत." मी कागद त्याच्यापुढे धरला. त्यानं तो वरपासून खालपर्यंत वाचला, पहिल्यांदाच वाचत असल्यासारखा. "जुलैत दहा होते आणि आज शून्य. डोक्याला मार बसलाय तुझ्या. तू आत जाणार नाहीस."

"न्हाई बसला." तो टेबलावरून उतरला. "ताई, आज काय बी झालं न्हाई. देवाशपथ."

"मग शून्य कसं आलं?"

"जुलैत बी तेवढंच व्हतं की."

"जुलैत आधी तीन होते. तेही तू नाटक केलंस म्हणून."

"नाटक न्हवतं त्ये," कॉर्डेल म्हणाला.

हे तो घाईघाईनं म्हणाला, दारावर अडवलेल्या माणसानं खिशातून पास काढून दाखवावा तसा. आणि लगेच पुढं समजावून सांगायला लागला. "आकडा घसरला तर बाहेर, व्हय ना? असाच नियम हाय ना? मग माझा घसरला कुटं? माझा पयल्यापास्नंच असा हाय. आज हितं नवीन काय बी झालं न्हाई. द्या हेल्मेट."

नियम मला त्याच्यापेक्षा जास्त पाठ होता, म्हणून क्षणभर मला ते बरोबरसुद्धा वाटलं. मग तो काय बोलला ते माझ्या डोक्यात शिरलं आणि मी खुर्चीत बसले. जुलैतला तो बराच वेळ माझ्याकडे बघत राहिलेला चेहरा समोर आला. तो आठवत होता. जीव तोडून आठवत होता, आणि मी हसत होते.

"कधीपासून?" मी विचारलं.

"गेल्या साली हिवाळ्यापास्नं."

"काय होतं नक्की?"

"काय न्हाई वं. दुकानातनं घरला येताना वाट चुकतो. पोरीच्या मास्तरणीचं नाव दर आठवड्याला इचारतो. लॅट्रीसला म्हाईत हाय." लॅट्रीस त्याची बायको, प्राथमिक शाळेत शिकवायची. "तुमी दिलेला कागद तिनंच पाठ करून घेतला माझ्याकडनं. दोन दिवस बसलो. शाळंतल्या पोरांवानी, गाण्यावर. ते गाणं मातर जात न्हाई डोक्यातनं."

"अरे, मग खेळतोस कसा तू?"

"तितं आठवतंय," तो म्हणाला, आणि त्याचा चेहरा एकदम उजळला. "मैदानात सगळं आठवतंय, ताई. समोरचा वाकून हुबा ऱ्हायला की मला कळतं, ह्यो कुटं पळणार. तेवढी एकच जागा ऱ्हायलीय जितं मी माझा मी असतो. ती बी काढून घेतली तर रविवारी मी जाऊ कुटं?"

माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि रागही आला. स्वतःचा आला, त्याचा आला, वर ओरडणाऱ्या त्या सत्तर हजारांचाही आला. पण जे मी बघितलं होतं ते बघितलं होतं.

"आज तिथंही नाही आठवलं तुला," मी म्हटलं. "उठल्यावर सगळे आपापल्या जागी गेले. तू जागा शोधत होतास."

वर पुन्हा गलका झाला, यावेळी निराशेचा. समोरच्या संघानं गुण घेतले असणार.

"दोनच सेकंदं," तो शेवटी म्हणाला. "तुमी बघितलं व्हय ते?"

"हो."

तो परत टेबलावर बसला. बाहेरच्या बोळात पावलं वाजली. हॉलिस लंगडत चालायचे, त्यामुळे त्यांचं चालणं लांबून ओळखू यायचं.

"ताई," कॉर्डेल खालच्या आवाजात म्हणाला, "जुलैचं सांगू नगा. आज मार बसला एवढंच म्हणा. दोन आठवडं बसतो की बाहेर. मग यीन."

दोन आठवड्यांनी त्याची चाचणी मीच घेणार होते. तोवर लॅट्रीसनं कुठून तरी सहाच्या सहा याद्या मिळवून गाण्यावर बसवल्या असत्या, तो दहाच्या दहा म्हणाला असता आणि त्यानं पुन्हा वीस पावलांवरून धावत जाऊन कुणाच्या तरी गुडघ्यावर डोकं आपटून घेतलं असतं. आणि आणखी एक गोष्ट होती. तो म्हणत होता तसं सांगितलं, तर माझी चूकही कायमची झाकली जात होती. इतक्या घाईतही मला ते दिसलं. मी काही देवी नाही.

दार उघडलं. हॉलिसनी आत न येताच विचारलं, "आकडा?"

"दहापैकी शून्य."

"जुलैत?"

"दहा."

"मग विचारायचंच काय? दोन आठवडे बाहेर." ते वळलेसुद्धा.

कॉर्डेलनं सुटकेचा श्वास टाकला. तो मला ऐकू आला.

"डॉक्टर, थांबा," मी म्हटलं. "जुलैचे दहा धरू नका. खरा आकडा तीन होता."

हॉलिस आत आले आणि त्यांनी दार लावून घेतलं. "तीन?"

"चाचणी मी पुन्हा घेतली. त्याच यादीवर. आणि ती यादी मी त्याला आधी दिली होती, त्याच्या हातात."

"का?"

मी तोंड उघडलं. सांगायचं होतं ते अगदी साधं होतं. आजारी माणूस समोर बसला होता आणि मला तो चोर वाटला. मी त्याला हसले. मला माझ्या हुशारीची घमेंड होती. एवढंच सांगायचं होतं आणि ते तोंडातून निघेना.

हॉलिसनी माझ्याकडे बघितलं, कॉर्डेलकडे बघितलं आणि आपल्या मनानं उत्तर लावून टाकलं. "वाचवलंस त्याला," ते म्हणाले. "बारा वर्षं, कुमुद. मी बारा वर्षं तुझ्या आकड्यावर डोळे मिटून सही केली."

मी गप्प राहिले. मूर्ख ठरण्यापेक्षा लबाड ठरणं मला सोपं वाटलं. आजारी ठरण्यापेक्षा चोर ठरणं कॉर्डेलला जुलैत असंच सोपं वाटलं असणार.

हॉलिस कॉर्डेलपाशी गेले, त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "उद्या सकाळी दवाखान्यात भेटू. बायकोला घेऊन ये." मग खाली वाकून माझ्या खुर्चीखालचं हेल्मेट त्यांनी स्वतः काढलं आणि ते घेऊन निघून गेले.

आता कॉर्डेल माझ्यावर भडकणार म्हणून मी तयारीत होते. त्याला तो हक्क होता. त्याचा अख्खा जन्म मी एका वाक्यात संपवला होता. पण जर्सीच्या बाहीनं त्यानं डोळे पुसले, उठला, माझ्यापाशी आला आणि माझा हात आपल्या दोन्ही हातांत धरला.

"तुमची नोकरी जाईल, ताई."

"जाऊ दे."

"मला ठावंच व्हतं," तो म्हणाला. "तुमी जुलैतच वळखलं व्हतं. लॅट्रीस म्हणायची, तसं काय नसंल. मी म्हणालो, मिस कुमुदला कोन फशिवतंय? तिनं वळखलं, म्हणून तर कागद हातात दिला. वर हसून दिला, म्हंजी मला लाज वाटू ने. चार महिनं दिलं तुमी मला. ह्ये मी इसरणार न्हाई."

'मला कळलं नव्हतं.' तीन शब्द होते. मी त्याचा हात थोपटला आणि घरी जा म्हणाले.

कॉर्डेल त्यानंतर कधी खेळला नाही. डॉक्टर झाले, तपासण्या झाल्या, आणि उन्हाळ्याआधीच संघानं एक छोटा समारंभ करून त्याला निरोप दिला. मला त्याच्याही आधी, फेब्रुवारीत, समारंभाशिवाय निरोप मिळाला. पुढची वर्षं मी दुसऱ्या राज्यातल्या एका शाळेत मुरगळलेले पाय बांधत काढली आणि पासष्टी जवळ आल्यावर मिरजेला परत आले. लॅट्रीसचा मात्र दर नाताळला फोन यायचा. ती मला कधी लागेल असं बोलली नाही. फक्त एकदा म्हणाली, "जुलैतच थांबवलं असतं तर चार महिन्यांचे धक्के तरी वाचले असते." मग लगेच म्हणाली, "पण तुम्ही चांगुलपणानंच केलंत."

त्या फोननंतर मी दोन दिवस जेवले नव्हते.

गेल्या नाताळात मीच फोन केला. इथे संध्याकाळ होती, गॅसवर चहा होता. तिकडे कुणीतरी उचलला आणि काही बोलेचना, नुसता श्वास ऐकू येत होता.

"लॅट्रीस?"

"ती बाजारात गेलीय," कॉर्डेल म्हणाला. आवाज तसाच होता, जरा सावकाश. "कोन बोलतंय?"

तो मला ओळखत नाही हे लॅट्रीसनं आदल्या वर्षीच सांगितलं होतं. मी गॅस बंद केला. नाव सांगितलं नाही.

"तुझ्या जुन्या संघात होते मी," मी म्हटलं. "खूप वर्षांपूर्वी."

"अस्सं व्हय!" तो खूश झाला. "मग तुमाला मिस कुमुद ठावं असतील."

"थोड्या ठाऊक आहेत."

"लई मोठ्या मनाची बाई. तिनं माझं दुखणं एका नजरंत वळखलं व्हतं. कुणाला बोलली न्हाई. कागद दिला हातात अन् म्हणाली, जा, खेळ अजून एक साल. आपली नोकरी घालवली माझ्यापायी. मी सगळ्यास्नी सांगतो."

मी भिंतीला टेकून उभी राहिले. त्या दिवसापासून जे बोलायचं राहिलं होतं ते आता बोलायला कुणाची भीती नव्हती. त्याला कळलं तरी संध्याकाळपर्यंत तो विसरणार होता. निदान एकदा तरी ते माझ्या तोंडून बाहेर पडावं असं मला फार वाटलं.

"कॉर्डेल," मी म्हटलं, "त्या बाईला काही कळलं नव्हतं. तिला वाटलं तू नाटक करतोयस. ती तुला हसली आणि हसून घालवून दिलं. तिनं तुझ्यासाठी काही केलं नाही."

इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी त्याला रागावलेला ऐकला.

"आवं बाई, तोंड सांभाळून बोला! तुमी व्हता का तितं?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"सांगा की. व्हता का?"

"नव्हते," मी म्हटलं.

"मग ऐका," कॉर्डेल म्हणाला, आणि तो मला सगळं पहिल्यापासून सांगायला लागला.